ठुशीचे पाय

"मॅडम, ह्याचं पाय कुणी कापलं?"

बिरूनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून विचारलं. पडद्यावर एक करडं मांजर फरशीवर पळत होतं. बाकी सगळं मांजरासारखंच, पण पाय इतके आखूड, की पोट फरशीला घासतंय असं वाटावं.

ज्ञानदा हसली. "कापले नाहीत हो बिरूकाका. ही जातच अशी असते. मंचकिन म्हणतात."

माणमधल्या त्या सोसायटीच्या फाटकावर बिरू दिवसपाळीचा वॉचमन होता. ज्ञानदा तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. मूळची अंबाजोगाईची, नोकरी हिंजवडीत. संध्याकाळी स्कूटर लावली की पाच-दहा मिनिटं फाटकाशी थांबायची. बाकीचे त्याला मामा म्हणत, नाहीतर वॉचमन. नाव विचारून घेतलं ते तिनं एकटीनं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याची दीडशे मेंढरं होती, हेही तिलाच ठाऊक होतं. कासारसाईच्या अंगाचे माळ एकेक करून कंपाउंडाच्या आत गेले. चारायला जागा राहिली नाही, तेव्हा त्यानं कळप विकला आणि हा निळा शर्ट अंगात घातला.

पुढं महिनाभर ती रोज त्याला या जातीबद्दल काहीतरी सांगायची, दाखवायची. आणि बिरू तिच्या मनातही न आलेलं विचारायचा.

"उडी मारतंय का?"

"थोडीशी. उंचावर नाही जमत."

"आन आई-बा दोन्ही आखूड असलं तर?"

ज्ञानदानं दुसऱ्या दिवशी वाचून येऊन सांगितलं. "तसं करत नाहीत म्हणे काका. काही पिल्लं पोटातच जातात."

बिरूनं मान हलवली. मग म्हणाला, "मॅडम, जनावराचं समदं पायात असतंय. साधं मांजर घ्या की. वाडीत ढीगभर हायेत. आणून देतो."

"ते पळून जातं हो. दिवसभर मी घरात नसते. हे कसं, मांडीवर बसतं, घरातच राहतं." जरा थांबून ती म्हणाली, "मला कुणीतरी घरात हवंय, काका."



लवळ्यातल्या एका माणसाकडे पिल्लं आहेत असं कळलं. तिनं बिरूला बरोबर चलायला सांगितलं. "तुम्हाला जनावरातलं कळतं. तुम्ही हो म्हणालात तरच घ्यायचं."

आठ वर्षांत कुणी त्याला जनावराबद्दल विचारलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्यानं धुतलेला पायजमा-शर्ट घातला, टोपी घातली, आणि रिकामी टोपली छातीशी धरून तिच्या स्कूटरवर मागं बसला. त्याची बायको तुकाबाई दारात उभी राहून हसत होती. "पोरगी बघाय निघाल्यावानी निघालेत," ती म्हणाली.

मांजरं विकणाऱ्याचं नाव दयानंद. कॉलेजच्या रस्त्याला त्याचा तळमजल्याचा फ्लॅट होता. आत गार हवा, भिंतीला चौकटीत लावलेली इंग्रजी सर्टिफिकेटं. बिरूनं चपला बाहेर काढल्या आणि कुठं टेकावं ते न कळून उभाच राहिला.

"हे माझे काका," ज्ञानदा म्हणाली. "यांची मेंढरं होती. यांना पारख आहे."

माझे काका. बिरूची मान आपोआप ताठ झाली.

तीन पिल्लं होती. ज्ञानदानं पांढऱ्या-करड्या रंगाची मादी उचलली आणि गळ्याशी धरली. पिल्लू तिथंच चिकटून राहिलं. "ठुशी!" ती म्हणाली. "ठुशीसारखी गळ्याशी बसलीय बघा काका."

बिरूनं पिल्लू हातात घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवला, पुढचे पाय चाचपले, मग मागचा डावा पाय हळूच मागं ओढला. पाय पुरता गेला नाही. सांध्यात काहीतरी अडत होतं. पिल्लू बारीक आवाजात ओरडलं. त्यानं पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तेच.

कोपऱ्यात पिल्लांची आई बसली होती. ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत खाली बसली. जरा वेळानं उठून भांड्यापाशी गेली. चार वर्षांची होती म्हणे. चार वर्षांच्या जनावरानं चार हात अंतर जाताना मधे बसावं? बिरूला जे कळायचं ते कळलं.

"ह्याचा मागचा पाय जरा..." त्यानं तोंड उघडलं.

"काका, ही मेंढी नाही," दयानंद हसत म्हणाला. "असा पाय ओढला तर कुठलंही पिल्लू ओरडणारच. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे, मॅडमना वाचायला देतो."

ज्ञानदानं कागद घेतलासुद्धा नाही. ती बिरूकडे बघत होती. "घेऊ ना काका?"

चाकणच्या बाजारात बिरूचा शब्द चालायचा. कारण तो आपल्याच मेंढराची खोट गिऱ्हाइकाला आधी सांगायचा. बापानं घालून दिलेली रीत होती ती. त्या दिवशी त्या गार खोलीत त्याला आपले भेगाळलेले पाय दिसत होते, भिंतीवरचं न वाचता येणारं इंग्रजी दिसत होतं, आणि त्या मुलीचा चेहरा दिसत होता. नाही म्हटलं तर तो चेहरा उतरणार होता. आणि परत येताना स्कूटरवर तिनं काका म्हटलं असतं की नसतं, कुणास ठाऊक.

"घ्या," तो म्हणाला. "चांगलं हाय."

ज्ञानदानं तिथंच फोनवरून पैसे पाठवले.

त्या संध्याकाळी जेवताना तो तुकाबाईला म्हणाला, "पाय धड न्हाई त्याचा."

"मग सांगितलं का तिला?"

"न्हाई."

तुकाबाईनं भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "तुमी? का वो?"

बिरूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

वर्षभर सगळं छान चाललं, आणि छान चाललेलं बघून बिरू स्वतःची समजूत घालत राहिला. कदाचित आपलीच चूक असेल. मांजराचं आपल्याला काय कळतं? ज्ञानदा सुट्टीच्या दिवशी ठुशीला टोपलीत घालून खाली आणायची. ठुशी केबिनमधल्या टेबलावर बसायची आणि बिरूच्या शर्टाची गुंडी चावायची. दिवाळीला तुकाबाईसाठी साडी आली. पार्सलवाल्यांना ज्ञानदा फोनवर सांगायची, "फाटकावर बिरूकाकांकडे द्या."

मग ठुशीनं सोफ्यावर चढायचं सोडलं. मातीच्या तबकात जाईना, फरशीवरच घाण करू लागली. उचलायला गेलं की दात दाखवायची. ज्ञानदा तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि दुपार कलल्यावर परतली. टोपली घेऊन ती केबिनच्या पायरीवरच बसली.

"फोटो काढले हाडांचे," ती म्हणाली. "खुब्याचा सांधा नीट बनलेलाच नाही. पुढचेही आखडत चाललेत. गोळ्या कायमच्या. तरी दुखणारच म्हणाले."

बिरू उभा होता. टोपलीतून ठुशीचं नुसतं नाक दिसत होतं.

"जन्मापासूनच असणार म्हणाले. त्या वेळी कुणाला कळलं असतं? तुम्हीसुद्धा हात लावून बघितलं होतं की." हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलत होती.

तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. विषय तिथंच मिटला असता.

"मला कळलं हुतं," बिरू म्हणाला.

"काय?"

"त्याच दिवशी. पाय मागं जात न्हवता. आईचं बी तसंच हुतं. मला कळलं हुतं, मॅडम."

ज्ञानदा त्याच्याकडे बघत राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"तुमी लई खुशीत हुता."

ती रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपली उचलली, ओढणी सावरली आणि लिफ्टकडे गेली. त्यानंतर स्कूटर लावून ती सरळ वर जायची. समोर आलाच तर मान हलवायची. आठवड्याभरानं फाटकाशी पार्सलवाला आला. त्याच्या फोनमधून तिचा आवाज बिरूला स्पष्ट ऐकू आला, "वॉचमनकडे ठेवा."

पुढच्या सुट्टीला बिरू तुकाबाईला काही न सांगता बाहेर पडला. दोन गाड्या बदलून लवळ्याला गेला. दयानंदनं आतलं दार उघडलं, पण बाहेरची जाळी लावलेलीच ठेवली. त्यानं बिरूला ओळखलं नाही.

"तुमच्या मांजरीची आता पिल्लं घेऊ नका," बिरू म्हणाला. "तिला चालाय येत न्हाई. पिल्लांस्नी बी तेच हुतंय. आमची ठुशी..." 'आमची' म्हणताना तो अडखळला. "तिला लई दुखतंय."

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"मग जा तुम्ही." दार बंद झालं.

बिरू वळला तर समोरून दोघं येत होते. कॉलेजातली मुलं. मुलीच्या हातात भोकं पाडलेला रिकामा खोका होता. कुठं निघालेत हे विचारायची गरज नव्हती.

"पोरी," बिरू वाट अडवून म्हणाला, "पिल्लू घेतानी त्याचा मागचा पाय बघ. हात लावून बघ. पाय मागं गेला न्हाई तर घेऊ नको."

दोघं थांबली. "तुम्ही कोण?" मुलानं विचारलं.

"माझी मेंढरं हुती."

मुलानं मुलीकडे पाहिलं. मुलीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "बरं, काका," ती म्हणाली. दोघं बिरूला वळसा घालून आत गेली.

बिरूला निघता आलं असतं. तो रस्त्याच्या कडेला, टपरीच्या सावलीत उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती दोघं बाहेर आली. मुलगी खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून हळूहळू चालत होती, आणि दर दोन पावलांनी भोकातून आत बघत होती.

"काका, इथून रिक्षा मिळेल का?"

"मिळंल की." बिरूनं पुढं होऊन एक रिक्षा हात करून थांबवली.

मुलगा आधी चढला. मुलीनं चढण्यापुरता खोका बिरूच्या हातात दिला. त्याला काहीच वजन नव्हतं. पिल्लू आत एका अंगाला घसरलं होतं, उभं राहायला धडपडत होतं, नखं पुठ्ठ्यावर खरडत होती. बिरूनं खालून दोन्ही तळवे लावले आणि ते नीट उभं राहीपर्यंत खोका सपाट धरून ठेवला. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

मग त्यानं खोका मुलीच्या मांडीवर ठेवला.

"दमानं न्या," तो म्हणाला.