कापसाच्या खोलीतला आवाज

केदारखेड्याच्या घरात मधली खोली कापसानं भरली होती. भाव वाढेल म्हणून मच्छिंद्रनं दिवाळीपासून कापूस घरातच ठेवला होता, आणि भाव काही वाढत नव्हता. खालपासून तुळईपर्यंत नुसता पांढरा ढीग. त्यात एक माणूस उभा राहील एवढी जागा तृप्तीनं उकरून काढली, माइक उभा केला आणि एक टाळी वाजवली. टाळी वाजली तिथेच विझली.

"मुंबईत भाड्यानं घेतलेल्या स्टुडिओतसुद्धा इतकी शांत खोली मिळत नाही," तृप्ती म्हणाली. सिनेमाच्या आवाजाचं सगळं काम तिच्याकडे होतं. "कापूस आवाज पिऊन टाकतो. परत काहीच येत नाही."

"भाव बी परत येऊन न्हाई राह्यला," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं मान खाजवली.

दारातल्या खुर्चीवर बसलेला त्याचा थोरला भाऊ सोमेश्वर हसला. हसण्याचा आवाज झाला नाही. पावसाळ्यात त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एक स्वरतंतू काढावा लागला आणि दुसरा हलत नव्हता. आता तो बोलायला गेला की नुसती हवा यायची, सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी. जवळ बसलेल्यालाच ते शब्द कळायचे, आणि सगळ्यात नीट कळायचे ते मच्छिंद्रच्या बायकोला, वंदनाला.

सोमेश्वर तरुणपणी हे गाव सोडून मुंबईला गेला तो या आवाजाच्या जोरावर. आधी दुसऱ्या नटांना आवाज दिले. मग संकलकाच्या हाताखाली राहून फिल्म कापायला शिकला, संवाद लिहिले, खलनायक झाला आणि शेवटी स्वतःच हिंदी सिनेमे काढू लागला. लिहायचं त्यानंच, कापायचं त्यानंच, मुख्य काम त्याचंच. काही चालले, बरेच पडले. एका समीक्षकानं एकदा लिहिलं होतं की या दिग्दर्शकाला एकच गोष्ट कापता येत नाही, ती म्हणजे स्वतःचा चेहरा. ते वाक्य सोमेश्वरच्या मनातून कधी गेलं नाही, पण त्यानं ते मनावरही घेतलं नव्हतं.

हा त्याचा शेवटचा सिनेमा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. भरलेला ट्रॅक्टर तोलायचा, ऊस उतरवून आला की रिकामा तोलायचा, हेच त्याचं काम. शूटिंग अंकुशनगरच्या कारखान्यावर, उसाच्या ऐन गाळपात झालं. कारखान्याची घरघर, हॉर्न, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. जागेवर धरलेला आवाज काहीच कामाचा नव्हता. सोमेश्वरला त्याची फिकीर नव्हती. "आवाज नंतर भरू," तो म्हणाला होता. त्याच्या पिढीनं सगळे आवाज नंतरच भरले होते. मग पावसाळा आला.

जालन्याहून अमन आला तेव्हा वंदनानं चहा टाकला. याच्या आजोबांच्या, पुखराजशेठांच्या, टॉकीजमध्ये सोमेश्वर लहानपणी सिनेमे बघायचा. टॉकीज कधीच बंद पडली, आता तिथे सरकीपेंडीचं गोदाम आहे. त्या जुन्या ओढीनंच अमननं या सिनेमात पैसा घातला होता. त्यानं मोबाइल पुढे धरला.

"सर, एकदा ऐका. तुमच्या जुन्या सिनेमांतून कॉम्प्युटरनं बनवलेला तुमचाच आवाज आहे. लिप बिलकुल बराबर बसते."

सोमेश्वरनं ऐकलं. पडद्यावर त्याचा म्हातारा चेहरा बोलत होता, आणि खरोखर एकही ओठ चुकत नव्हता. आवाज त्याचाच होता. भरीव, गोल, पस्तिशीतला. त्याला तो फार ओळखीचा वाटला. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं आणि मग वंदनाच्या कानाशी वाकला.

"दादा म्हनतेत, ह्या मानसाची झोप झालेली हाये," वंदना म्हणाली. "काट्यावरच्या म्हाताऱ्याची झाली न्हाई."

अमननं मोबाइल खिशात ठेवला, पण चहा पिताना तो पुन्हा म्हणाला, "सर, फेस्टिवलवाले वाट बघून राहिले. माझं म्हणणं एवढंच, आज होत असलं तर बघू. नाही झालं तर हा आवाज टाकू."

सोमेश्वरनं मान डोलावली. म्हाताऱ्याचा आवाज मच्छिंद्रकडून घ्यायचा, म्हणून तर तो इथे आला होता. दोघा भावांचा आवाज एकच. त्यांची आई शेवटपर्यंत फोनवर दोघांत गोंधळायची. मच्छिंद्रला मात्र या आवाजानं वैताग दिला होता. गावात कुणाचं लग्न असो, जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणायचंच, "मच्छिंद्रभाऊ, होऊन जाऊ द्या." मग हातातला घास ठेवून त्याला थोरल्या भावाचा गाजलेला डायलॉग म्हणावा लागायचा: "मैं दरवाज़ा नहीं खटखटाता. दीवार से आता हूँ." आधी तो हौसेनं म्हणायचा. नंतर त्यानं लग्नांना उशिरा जायला सुरुवात केली.

"दादानं आजवर आपल्याला काय मागितलंय का?" वंदनानं त्याला आठवड्यापूर्वी विचारलं होतं.

"मागायला यावं लागतंय. आल्ता कवा?" मच्छिंद्र म्हणाला होता. पण आज सकाळी दाढी करून तोच सगळ्यात आधी तयार होता.

घ्यायचा होता तो शेवटचा प्रसंग; म्हातारा सिनेमात बोलतो तो इथेच. हंगाम संपलाय, आवार रिकामं आहे, आणि म्हातारा शेवटच्या रिकाम्या ट्रॅक्टरशी बोलतोय. सगळं एकाच शॉटमध्ये, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापासून हलत नाही. आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं सोमेश्वरला वाटत होतं. ते वाटणं चुकीचं नव्हतं.

मच्छिंद्र कापसात शिरला. समोरच्या टॅबवर भावाचा चेहरा. तृप्तीनं खूण केली.

"खाली गाड़ी का भी वज़न होता है, मालूम?"

तो पंगतीतला आवाज होता. छाती फुगवून काढलेला. सोमेश्वरनं हात वर करून थांबवलं.

"पुन्हा," तृप्ती म्हणाली.

पुन्हा झालं. ओठांकडे बघितलं की मच्छिंद्रचा आवाज पळायचा, आणि आवाज सांभाळला की ओठ पुढे निघून जायचे. कधी कापसाचा तंतू नाकात जाऊन शिंक यायची, कधी खाजवल्याचं माइकवर वाजायचं. दुपार झाली. दाराबाहेर बसलेला अमन कुणालातरी फोनवर "बघू, बघू" म्हणत होता.

"दादा, तू मधीच थांबतो कामून?" मच्छिंद्र घाम पुसत म्हणाला. "मानूस बोलताना तिथं थांबत असतो व्हय? ट्रॅक्टरसंग बोलून राह्यला का फोटो काढून राह्यला?"

वंदना पदर तोंडाला लावून हसली. सोमेश्वर हसला नाही. आपण तिथे का थांबलो होतो ते त्याला पक्कं माहीत होतं. तिथे बघणाऱ्याचा श्वास अडकावा म्हणून. तो उठला, टॅबजवळ गेला आणि टॅब पालथा ठेवला. मग भावाकडे बघून त्यानं हातानं खूण केली: बोल, तुझं तू.

मच्छिंद्र इतका थकला होता की त्यानं आवाज काढायचा सोडूनच दिला. पाय दुखत होते, म्हणून तो मागच्या ढिगाला टेकला. सकाळपासून म्हणून म्हणून शब्द पाठ झाले होते. मोटर जळल्यावर विहिरीच्या कडेला बसून मोटरशी बोलावं तसा तो बोलला.

"खाली गाड़ी का भी वज़न होता है, मालूम? लोगां को लगता खाली है, छोड़ो. मैंने कभी नहीं छोड़ा. भरी हुई तोली, खाली तोली. अब मेरे को कौन तोलेगा, तू?"

मध्ये एकदा त्यानं मान खाजवली. "तू" म्हणताना आवाज खाली बसला आणि परत वर आला नाही.

तृप्तीनं हेडफोन काढून सोमेश्वरला दिले. त्यानं डोळे मिटून ऐकलं. गळा चिरण्याआधी आपल्याला हे असं म्हणता आलं असतं का, असा प्रश्न त्याला पडला, आणि उत्तर काही चांगलं नव्हतं.

मग तृप्तीनं तो आवाज चेहऱ्यावर लावून बघितला. ओठ हलायचे तिथे शांतता, आणि ओठ मिटलेले असताना शब्द. तिनं ओढूनताणून बसवला, तेव्हा ओठ जुळले पण माणूस निघून गेला. पुन्हा पंगतच.

"सर," अमन दारातून हळू म्हणाला, "आवाज चांगलाय, मी नाही म्हणत नाही. पण बसत नाही. मंग काय करायचं?"

सोमेश्वरनं लॅपटॉप मांडीवर घेतला. सिनेमा तोच कापत होता, त्यामुळे कुठे काय पडलंय ते त्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्यानं उजेड बघायला म्हणून मागून एक शॉट घेऊन ठेवला होता. नको असलेल्या गोष्टींत तो पडून होता. त्यात म्हाताऱ्याची पाठ, मफलर, विरळ झालेलं डोकं आणि पलीकडे ट्रॅक्टर, एवढंच दिसत होतं. बोलता बोलता तो एकदा हात मानेवर नेतो. बाकी काही नाही.

चेहऱ्याचा शॉट त्यानं एकदा पूर्ण बघितला. डोळ्यांत पाणी येतं तिथपर्यंत, आणि त्यापुढचा तो थांबाही. त्याचं बोट बटणावर बराच वेळ टेकलेलं होतं. मग त्यानं तो काढला आणि त्या जागी पाठ ठेवली.

"सर, ते नका काढू," तृप्ती नकळत बोलून गेली.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. मच्छिंद्रचा आवाज तसाच, एकही श्वास न कापता खाली लावला. मग पाठीचा शॉट थोडा पुढे, थोडा मागे सरकवत राहिला, नांगराचा फाळ बसवावा तसा.

सगळे लॅपटॉपभोवती जमले. पडद्यावर एक दमलेली पाठ ट्रॅक्टरशी बोलत होती. ओठ नव्हते, त्यामुळे चुकायलाही काही नव्हतं. अमननं दोन्ही हात खिशात घातले आणि शेवटपर्यंत काढले नाहीत. संपल्यावर त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि सकाळचा तो आवाज कुणी न सांगता पुसून टाकला.

"अन् तोंड कुठं गेलं रं दादा तुझं?" मच्छिंद्रनं विचारलं. "लोक तोंड बघायला येतेत तुझं."

सोमेश्वर वंदनाकडे वाकला.

"म्हनतेत, लई बघितलं लोकांनी," ती म्हणाली.

मग मच्छिंद्रला आठवलं. "पन मधी मी खाजवल्यालं ऐकू येतंय त्यात. मी पुन्हा म्हनतो. आता बराबर म्हनतो."

सोमेश्वरनं नकारार्थी मान हलवली आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मान खाजवल्याचा तो बारीक खरखर आवाज आला, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरच्या म्हाताऱ्याचा हात मानेवर गेला.

मच्छिंद्रनं ते बघितलं. त्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मंग झालं म्हना," तो म्हणाला, आणि अंगावरचा कापूस झटकत अंघोळीचं पाणी तापलंय का ते बघायला गेला.