सुलेखाबाईंची बोलती वही

नाव सुलेखा आणि शाळा तिसरीपर्यंत! हा विनोद साठ वर्षांत इतक्यांनी करून झाला होता की, आता कुणी केलाच तर सुलेखाबाई "नवीन काही असेल तर बोला" म्हणून पुढे जात. नाशिकच्या धाकट्या बहिणीला, अरुणाला, त्या पत्र पाठवत ते कॅसेटवर बोलून. पंजात मावेल एवढा टेपरेकॉर्डर. लाल बटण दाबायचं आणि सांगत सुटायचं की इथे कचरा पाच प्रकारचा करतात, माणसं मात्र एकाच प्रकारची, सगळी मान लववणारी. त्या यंत्राला त्या 'माझी वही' म्हणत.

जपानात त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मुलगा सत्यजित कावासाकीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. घर मात्र दोन गाड्या बदलून, मिनामिहारा नावाच्या लहान गावात. सून कौमुदी चार वर्षं घरात बसून जपानी शिकली होती आणि तिला नुकती कुठे नोकरी लागली होती. साडेतीन वर्षांची कस्तुरी दिवसभर होईकुएनमध्ये, म्हणजे गावच्या सरकारी पाळणाघरात असे.

नोव्हेंबरात त्या पाळणाघराचा कागद आला. एप्रिलपासून बंद.

"मग पोरगी कुठे जाणार?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या पाळणाघराच्या यादीत. नंबर लागेपर्यंत वर्ष जातं," कौमुदी म्हणाली. "आणि मी घरी."

सुलेखाबाईंची शाळा तिसरीत सुटली ती पाठची भावंडं सांभाळायला. मूल बघायला कुणी नाही म्हणून बाईनं घरी बसायचं, हे गाणं त्यांना पाठ होतं, आणि सुनेच्या तोंडी ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

कौमुदीनं सांगितलं की गावच्या सभेत, पाळणाघराचा कारभार बघणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणाले होते, आत्ता आत असलेल्या मुलांना शाळेत जाईपर्यंत काढणार नाही. एका आईनं ते कानानं ऐकलं होतं. कागदात मात्र त्याचं नावही नव्हतं. सभेचा अधिकृत वृत्तान्त छापून यायला दोन महिने, आणि पाळणाघराच्या ठरावावरचं मतदान पंधरा दिवसांवर. गुरुवारच्या बैठकीत समितीतल्या एक सदस्यबाई तोच प्रश्न पुन्हा विचारणार होत्या. पण सकाळी दहाला कुठली आई मोकळी असते?

"तू अर्धी रजा काढ," सुलेखाबाई म्हणाल्या. "मी वही आणते."

गुरुवारी सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून ओगावा-सान नावाचे कारकून बसले होते. त्यांनी दोघींची नावं लिहून घेतली, यंत्राकडे पाहिलं आणि इतकं खाली वाकले की सुलेखाबाईंनी ओळखलं, काम बिनसलं.

"आई, वही-पेन चालतं. टेप नाही." कौमुदीनं यंत्र पिशवीत ठेवायला हात पुढे केला.

"त्याला विचार, लिहिता येणाऱ्यानं वही न्यायची, मग मी काय न्यायचं? दगड? म्हणावं, ही माझी वही आहे, गाढवा."

कौमुदी गोड आवाजात काहीतरी बोलली. ओगावा-सान प्रसन्न हसले आणि पुन्हा वाकले.

सुलेखाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मी एवढी तडकून बोलले, आणि हा हसला कसा?"

कौमुदी जमिनीकडे बघायला लागली.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं... की सासूबाईंना तुमचं सभागृह फार आवडलं. आठवण न्यायची होती. तसदीबद्दल क्षमा."

सुलेखाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुळा पोकळ निघाला म्हणून भाजीवाल्याला झाडला, तर त्यानं वर दोन मुळे दिले होते! समोरच्या म्हातारीला तोंडावर सुनावलं, तर ती दुसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली होती! सहा आठवडे त्या या गावाला फाडून खात होत्या आणि गाव त्यांना साध्वी समजत होतं.

"माझ्या बोलण्यात साखर घालतेस होय गं?"

"आई, इथे तसं बोलत नाहीत..."

"त्या अध्यक्षाचं बोलणं कागदावर येता येता गळलं, म्हणून आपण इथे उभ्या. आणि तू माझं बोलणं हातभर अंतरावर गाळतेस? भीड भिकेची बहीण, कौमुदी. आज बोलले ते जसंच्या तसं सांग."

कौमुदीनं सांगितलं. ओगावा-सानचे कान लाल झाले.

"ते म्हणतात, आजवर इथे अशी परवानगी कुणी मागितलेलीच नाही."

"मग आजवर कुणी नाकारलेलीही नाही! नियम वाचून दाखव म्हणावं."

ओगावा-साननी पुस्तिका काढली, ओळीवर बोट ठेवून वाचलं. कौमुदीनं सांगितलं, "अध्यक्षांच्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नये."

"म्हणजे परवानगीनं करावं. कुठाय अध्यक्ष?"

ओगावा-सान आत गेले. पाच मिनिटांनी स्वतः अध्यक्षच बाहेर आले. जाडजूड, चष्म्यातून बघणारे. त्यांनी काहीतरी विचारलं. सुलेखाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कौमुदी थांबलीच नाही. आपली आपणच बोलत राहिली. सुलेखाबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. एवढंच दिसलं की पोरीची मान एकदाही लवली नाही.

अध्यक्षांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग परत दिलं.

"आजच्यापुरती परवानगी," कौमुदी पुटपुटली. "टेप चालू असल्याचा लाल दिवा त्यांना दिसेल असं यंत्र पुढच्या कठड्यावर ठेवा म्हणाले."

सदस्यबाईंनी प्रश्न विचारला तेव्हा अध्यक्षांनी आधी त्या लाल दिव्याकडे पाहिलं, पाण्याचा घोट घेतला आणि उत्तर दिलं. सावकाश, मोजक्या शब्दांत. आत असलेली मुलं शाळेत जाईपर्यंत आतच राहतील. मग कुणी विचारलं नसतानाही तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाले.

परतताना स्टेशनवर सुलेखाबाईंनी विचारलं, "त्याला काय सांगितलंस गं?"

"माझ्या सासूबाईंची शाळा मुलं सांभाळताना सुटली. माझी नोकरी तशी सुटायला नको. तुम्ही आज जे बोलाल ते कामावरच्या आयांनाही ऐकायचंय, तुमच्याच आवाजात."

गाडी आली, दारं उघडली. आत पाय टाकता टाकता सुलेखाबाई म्हणाल्या, "साखर?"

"चिमूटभरही नाही." कौमुदी हसली. "तिथे दाराशी तेवढं 'गाढवा' गाळलं."

"नेमकं तेच गाळायचं होतं?"

रविवारी दोन खोल्यांच्या घरात सात आया मांडीला मांडी लावून बसल्या. अध्यक्षांचं वाक्य तीनदा ऐकलं, शब्दन् शब्द लिहून काढला, खाली सह्या केल्या. सत्यजितनं टेपच्या प्रती करून दिल्या. सदस्यबाईंनी तो कागद समितीपुढे ठेवला, आणि मतदानाच्या दिवशी ते वाक्य ठरावात छापून आलं. नवी मुलं घेणं बंद झालं, ते काही टळलं नाही. पण कस्तुरी आत राहिली, आणि कौमुदी कामावर. त्या दिवशी ओगावा-सानच्या टेबलावर परवानगीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता आणि कठड्यावर चार लाल दिवे.

निघण्याच्या आदल्या दुपारी सुलेखाबाईंनी कॅसेट उलटी घातली आणि बटण दाबलं.

"अरुणे, पहिली बाजू जपानीत आहे. तुला कळायची नाही, मलाही कळत नाही. पण पुसू नकोस हो. आता ऐक, इकडचा मुळा..."