नागरिक क्रमांक एकेचाळीस

अश्वजित तायडेला राष्ट्रपती व्हायचं होतं, तेही तीस नोव्हेंबरच्या आत, आणि सगळं घोडं एकाच गोष्टीवर अडलं होतं: त्याला विरोधक मिळत नव्हता.

देश कुठला, ते आधी सांगून टाकावं. नवमाळवा गणराज्य. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. इंदूरच्या कॉलेजांतल्या दहा-बारा रिकामटेकड्या पोरापोरींनी २००९ साली इंटरनेटवर मांडलेला तो खेळ होता. त्यात बंदुका नव्हत्या, गाड्या नव्हत्या, होती ती नुसती बडबड. संसद, दोन पक्ष, एक कोर्ट, एक वर्तमानपत्र आणि दर तीन महिन्यांनी राष्ट्रपतीची निवडणूक. बाहेरच्या जगात ज्यांना कोणी वर्गाचा मॉनिटरही केलं नसतं, ते तिथे अर्थमंत्री होते. परीक्षा तोंडावर आलेली असताना पाणीवाटप विधेयकावर चार-चार दिवस भांडणारे महाभाग होते. ऐन भरात दोनशे नागरिक होते. आता यादीत तेवीस उरले होते, आणि त्यातले तिघे-चौघे दिवाळीला डोकावून शुभेच्छा लिहून जात.

मग सुरुचीची मेल आली. साइट बांधली तिने, सोळा वर्षं सांभाळली तिने, आता पुण्याला बसून. तिने लिहिलं होतं, 'ज्या सॉफ्टवेअरवर आपला देश उभा आहे ते आता जगात कोणी वापरत नाही. तीस तारखेला बंद करतेय. ज्याला जे हवं ते आधी उतरवून घ्या.'

अश्वजितला जे हवं होतं ते उतरवून घेता येत नव्हतं. ते दिसतच नव्हतं.

त्याचं कारण त्याचे वडील. सुभेदार कचरू तायडे, फौजेतून निवृत्त होऊन महूच्या घरी बसलेले. घरात एकच कॉम्प्युटर, त्याच्यासमोर पोरगा सकाळ-संध्याकाळ चिकटलेला. 'या डब्यात असं काय आहे?' म्हणून एक दिवस ते पाठीमागे खुर्ची टाकून बसले आणि तीन तास हलले नाहीत. तायडेंच्या घरात घटना हा शब्द चप्पल काढून उच्चारला जायचा. आजोबांनी घरात रेडिओ यायच्या आधी राज्यघटनेची प्रत आणली होती. पोरं खेळातसुद्धा घटना लिहितात, कलमं पाडतात, हे पाहून सुभेदार पार विरघळले. आठवड्याभरात ते नागरिक क्रमांक एकेचाळीस झाले. नाव घेतलं 'जुना शिपाई'. एका बोटाने टाइप करायचे, पण काय टाइप करायचे!

त्यांनी पोराला एकच अट घातली होती: मी कोण, हे कोणाला कळता कामा नये. "नाहीतर म्हणतील, बाप मागे उभा आहे म्हणून पोरगा बोलतो."

घटनेचं नववं कलम त्यांचंच. बिनविरोध निवड या देशात चालणार नाही. समोर कोणी नसेल तर ती निवडणूक नव्हे, नेमणूक. आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त नागरिकांनी मत दिलंच पाहिजे, प्रत्येकाने मताखाली एका ओळीत कारण लिहिलंच पाहिजे. पोरांनी टाळ्या वाजवून कलम मंजूर केलं. एकवीस वर्षांच्या अश्वजितला तेव्हा इतका अभिमान वाटला होता की तो बाहेर जाऊन उगाच दोन चकरा मारून आला होता. ते दिवसच तसे होते. संध्याकाळी बापलेक एका स्क्रीनसमोर बसायचे, आळीपाळीने लिहायचे, आणि आई गिरिजा आतून ओरडायची की तुमच्या संसदेला भूक लागते की नाही.

हे सगळं २०१२च्या निवडणुकीत मोडलं. यतीन देवस्थळी विरुद्ध अश्वजित तायडे. मतं बंद पेटीत पडत, वेळ संपली की सगळी एकदम उघडत. मतदान संपायला तासभर असताना यतीनने तक्रार केली: 'जुना शिपाई' आणि अश्वजित एकाच घरच्या एकाच इंटरनेट जोडणीवरून येतात, म्हणजे हा नागरिक बनावट आहे, अश्वजितनेच बनवलेला. पुरावा तर चोख होता. निवडणूक अधिकाऱ्याने क्रमांक एकेचाळीसचं नागरिकत्व रद्द केलं. त्याबरोबर त्यांचं सगळं लिखाण पडद्याआड गेलं आणि त्यांचं मतही न उघडता बाद झालं. निकाल लागला: यतीन एकोणीस, अश्वजित अठरा.

एका मताने! बाबांचं मत धरलं असतं तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे फेरनिवडणूक. अश्वजित संतापाने लाल झाला. सांगून टाकतो, म्हणाला, सगळ्यांना सांगतो. सुभेदारांनी हात वर केला. "अट म्हणजे अट. हुकूम झाला, संपलं." ते पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. अश्वजितने नवमाळव्यात पाऊल टाकणं बंद केलं आणि यतीनशी बोलणंही. २०१९ला सुभेदार गेले. मागे उरली मेडलं, पेन्शनचे कागद आणि चार फोटो. ते विचार काय करत, कसे करत, हे त्यांच्या हातचं कुठे उरलं नव्हतं. होतं ते त्या साइटवर, पडद्याआड. सांवेर रोडच्या कारखान्यात पंपांची तपासणी करताना अश्वजितला ते अधूनमधून आठवायचं आणि जीव तुटायचा.

त्याने सुरुचीला फोन केला. सगळं खरं सांगितलं. बाबा गेले, आता अट कोणासाठी पाळायची?

सुरुचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक बटण दाबलं की झालं. पण नाही दाबणार."

"का गं?"

"नागरिकत्व परत द्यायचं तर राष्ट्रपतीचा आदेश लागतो, आणि ती खुर्ची कित्येक वर्षं रिकामी आहे. सोळा वर्षांत मी एकदाही आदेशाशिवाय हात लावलेला नाही. तुझ्या बाबांनाच विचारलं असतंस तर काय म्हणाले असते?"

अश्वजितला ते पक्कं ठाऊक होतं. बाबांनी तिला शाबासकी दिली असती आणि त्याला झापलं असतं. म्हणून हा पस्तिशीला टेकलेला माणूस निवडणुकीला उभा राहिला. आणि नववं कलम आडवं आलं. एक सोडून यादीतल्या सगळ्यांना विचारून झालं. कोणी म्हणे वेळ नाही, कोणी म्हणे तूच हो की, कोण अडवतंय? अडवत बापच होता, आणि बापाने पोरासाठी एकच माणूस शिल्लक ठेवला होता.

डॉक्टर यतीन देवस्थळींचा डोळ्यांचा दवाखाना इंदूरच्या तुकोगंजात आहे. अश्वजितने नंबर लावला, मुकाट्याने तास बसला, आणि आत जाऊन मशीनवर हनुवटी टेकवली.

यतीनने दिवा लावला, भिंगातून पाहिलं, मग कागदावरचं नाव पाहिलं. "तू?"

"मीच, भिया." इंदूरला भावाला भियाच म्हणतात.

"डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही. तू माझ्याविरुद्ध उभा राहा. नवमाळव्यात."

"वो अभी तक जिंदा है?" यतीन हसला, मग त्याचं हसू विझलं. "भिया, बाहेर अकरा पेशंट आहेत. आणि तू तर मला तोंड दाखवत नव्हतास. डुप्लिकेट तू बनवला, पकडला मी, और मुंह फुलाके बैठा तू. तेरा साल!"

"तो डुप्लिकेट नव्हता. माझे बाबा होते ते."

यतीनने दिवा बंद केला.

"जुना शिपाई?" यतीन हळूच म्हणाला. "जे मला रोज लिहायचे, 'महोदय, आपण मुद्दा सोडून बोलत आहात'?"

"तेच."

"अरे यार. मी त्यांच्यामुळे बोलायला शिकलो रे. डुप्लिकेट इतका हुशार कसा, मला समजतच नव्हतं." तो उठून उभा राहिला. "कुठे असतात? महूलाच ना? मी येतो. आज संध्याकाळीच येतो, माफी मागतो."

"एकोणीस साली गेले ते."

यतीन पुन्हा बसला. बाहेरून कंपाउंडरने दार वाजवलं, त्याने लक्ष दिलं नाही. मग म्हणाला, "उभा राहतो. पण सुन, हरण्यासाठी उभा राहणार नाही. लढणार."

"लढच. नाहीतर ते मला फाडून खातील."

आणि मग काय विचारता! आठ दिवस नवमाळव्यात पुन्हा दिवाळी. वाद निघाला: देश बंद होताना सगळं जुनं लिखाण जसंच्या तसं उतरवून ठेवायचं, की ज्याला जे पुसायचंय ते पुसू द्यायचं? अश्वजित म्हणाला, एक अक्षर पुसायचं नाही. यतीन म्हणाला, एकोणिसाव्या वर्षी केलेल्या मूर्खपणाची माणसाला जन्मठेप द्यायची का? कधीकाळची गृहमंत्री मधुरिमा, आता शाळेत शिकवते, तिने लिहिलं, 'अश्व, त्यातलं अर्धं माझ्या वर्गातल्या पोरांनी वाचलं तर मला शाळा सोडावी लागेल.' अश्वजितने ते चारदा वाचलं. मग लिहिलं, 'यतीन बरोबर आहे. मी माझा मुद्दा मागे घेतो.' त्याच्या स्वतःच्या पक्षात खळबळ उडाली.

पण खरी अडचण वेगळीच होती. माणसं भांडायला आली, कारण चौकाच्या पानावर पासवर्डशिवाय कोणालाही लिहिता येत होतं; मत द्यायला मात्र येईनात. येईनात कसली, येता येईना. पासवर्ड कोणाला आठवत होता? ज्या ईमेलवर नवा पासवर्ड जायचा तो कॉलेजचा, आणि कॉलेजने तो कधीच बंद केलेला. नवमाळव्याचे माजी परराष्ट्रमंत्री स्वतःच्याच देशाच्या दारात उभे, आणि आत जाता येत नाही! रविवारी दुपारी बाराला मतदान संपणार होतं. बारा मतं हवी होती. दहाला सात झाली होती.

यतीन सकाळीच पोहे घेऊन अश्वजितच्या घरी येऊन बसला होता. दोन उमेदवार एका सतरंजीवर, हातात फोन. "मत मला नको देऊ, त्याला दे, पण दे रे बाबा!" असा प्रचार आजवर कोणत्याही देशाने ऐकला नसेल. सुरुची तिकडून एकेकाला ओळख विचारून पासवर्ड बदलून देत होती. पावणेबाराला अकरा झाली. अभिराम नावाचा जुना सरन्यायाधीश रायपूरला लेकीच्या स्पर्धेत होता. त्याने बाराला सहा मिनिटं असताना मैदानावरून मत दिलं. त्यामागोमाग आणखी एक आलं. अश्वजितला इतकं हायसं वाटलं की निकाल काय लागतो याची त्याला पर्वाच उरली नाही.

पेटी उघडली. अश्वजित सात, यतीन सहा.

"मुबारक हो, राष्ट्रपतीजी," यतीन म्हणाला. "अब साइन कर."

अश्वजितने आदेश लिहिला: 'नागरिक क्रमांक एकेचाळीस, जुना शिपाई, म्हणजेच सुभेदार कचरू तायडे, यांचं नागरिकत्व रद्द करणं ही चूक होती. ते आजपासून परत देण्यात येत आहे.' पाच मिनिटांत सुरुचीचं बटण दाबून झालं.

आणि बाबा आले. दोनशे बारा नोंदी, एकापाठोपाठ एक, त्यांच्या त्या ठसक्यात. पाणीवाटपावर, शाळांवर, एका मंत्र्याच्या शुद्धलेखनावर. गिरिजा चष्मा लावून जवळ येऊन बसली आणि अश्वजित मोठ्याने वाचू लागला. मधेच तो हसायचा, मधेच त्याचा आवाज बसायचा, मग यतीन पुढे वाचायचा. तासभर हे चाललं.

शेवटची नोंद २०१२च्या मतपेटीतली होती. अश्वजितने ती उघडली आणि वाचायचं थांबला.

"काय आहे?" यतीनने वाकून पाहिलं.

'माझे मत यतीन यांना. कारण: अश्व उत्तम बोलतो, पण दुसऱ्याचे ऐकून घेत नाही. तीन महिने विरोधात बसू द्यावे, शिकेल.'

अश्वजितला आधी रागच आला, अगदी एकवीस वर्षांच्या पोरासारखा. तेरा वर्षं ज्या मतासाठी तो जगाशी रुसला होता, ते त्याचं नव्हतंच. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं की," गिरिजा म्हणाली. "सांगायला आले होते ते तुला. दोनदा. तू म्हणालास, त्या यतीनचं नाव काढू नका, मला ऐकायचं नाही. मग ते म्हणाले, राहू दे, ऐकायला लागेल तेव्हा सांगू."

अश्वजितने तोंड ओंजळीत लपवलं आणि तो रडला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. यतीन खिडकीकडे तोंड करून बसला. त्याचंही काही धड नव्हतं.

मग तोच म्हणाला, "म्हणजे भिया, मी एकाने नाही, दोनने जिंकलो होतो."

"हो."

"तो फिर रेकॉर्ड ठीक कर ना, राष्ट्रपतीजी."

अश्वजितने डोळे पुसले, कीबोर्ड पुढे ओढला, आणि आपला दुसरा आणि नवमाळवा गणराज्याचा अखेरचा आदेश लिहिला: २०१२च्या निवडणुकीत क्रमांक एकेचाळीस यांचं मत ग्राह्य धरण्यात येत आहे. सुधारित निकाल, यतीन देवस्थळी वीस, अश्वजित तायडे अठरा.