तहानलेला मारुती

शनिवारी सुलतानपूरच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोतीबाबा एका पांढऱ्या दगडात पातळ चिखल ओतायचा, गुडघ्यावर घोंगडी ओढायचा, झांजा कडाडायच्या, आणि दगडाची दोन भकलं उघडली की आत घट्ट, ओला मारुती! लोक लोटांगणं घालत होते.

बाबाचं तोंड तर बंदच होत नव्हतं. म्हणे मारुती तहानलेला आहे, तो रोग्याच्या अंगातलं पाणी पिऊन रोगासकट बाहेर येतो. तोवर रोग्याला थेंबभर पाणी द्यायचं नाही. हगवण लागली की पाणी तोडायचं, हे खूळ गावात आधीपासून होतंच. बाबानं त्यावर देवाचा शिक्का मारला.

झुंबरबाईनं पारावर आणलेल्या तीन वर्षांच्या लेकाला कालपासून हगवण. ओठांना पापुद्रे, डोळे खोल. मी लोणारच्या दवाखान्याचा डॉक्टर. चमच्यानं पाणी पाजायला वाकलो, तर अर्जुनराव पाटलांनी मनगट धरलं. "तुमचा चमचा पिशवीत ठेवा, डॉक्टर." चौघांनी मला पाराखाली ढकललं.

बाबा मागं बिडी ओढत होता तेवढ्यात झुंबरबाई पुढं झाली. शनिवारचा मारुती, म्हणून तिनं उघड्या दगडात आतून वाटीभर तेल चोळलं.

बाबाला पत्ता नाही. चिखल ओतला, झांजा थकल्या, दगड उघडला, आणि चिखल त्याच्याच मांडीवर सांडला.

"याच बाईनं देव बाटवला," झुंबरबाईच्या हातातली तेलकट वाटी पाहून तो ओरडला.

पोरगं "माय, पानी" म्हणालं. नंतर काहीच म्हणालं नाही.

मी पारावर चढलो, पोराची नाडी पाहिली; ती थांबली होती. मी बाबाचं आसन उलटलं. घोंगडीखाली सायकलचा पंप, त्याची नळी दगडात. दगड कसला, प्लास्टर! त्यातच मी मोडके हात बसवतो. प्लास्टर चिखलातलं पाणी शोषतं, माती आत चिकटते. वरून हवेचा दाब दिला की भरभर आणि घट्ट बसते. मी बाबाच्या झोळीतल्या प्लास्टरच्या कोऱ्या तुकड्यावर पाणी टाकलं, जिरलं. तेलकट दगडावरून ओघळून गेलं.

मग सगळे बाबावर तुटून पडले. त्याला हाणायला पाटलाचाही हात मोकळा होता.

झुंबरबाईनं पोराला पदरात गुंडाळलं होतं. "मी तेल लावलं नसतं तर मारुती निघला असता. माहं पोरगं वाचलं असतं ना?"

"मारुती निघाला असता बाई. पोरगं तरीही गेलं असतं. त्याला पाणी हवं होतं."

तिला ते पटलं नाही. तुम्हाला तरी पटू दे. हगवणीच्या लेकराला उकळून गार केलेलं पाणी द्या, पेज द्या, दवाखान्यात आणा. देवाला तहान लागत नाही, पोराला लागते.