जिना नसलेला दवाखाना

मी एक जुना दवाखाना आहे. पण मित्रांनो, माझ्यात औषधांचा वास नाही की कुणाचं कण्हणं नाही. मी कॉम्प्युटरच्या आत राहतो. औषधं पोचवणाऱ्या रोबो-गाड्या खऱ्या दवाखान्यात जाण्याआधी माझ्यात चालायला शिकतात. भिंतीला धडकलं की गुण कमी, खाटेपाशी नीट पोचलं की गुण जास्त, एवढीच माझी शाळा.

मला एका ताईने घडवलं. तिने खऱ्या दवाखान्याचा वरचा मजला टेपने मोजला आणि दारं, खाटा, सलाईनचे स्टँडसुद्धा जागच्या जागी मांडले. फक्त जिना जमेना. तो घातला की कॉम्प्युटरवर भार पडून मी कासवासारखा चालायचो. शेवटी तिने जिन्याच्या तोंडाशी एक भिंत उभी केली आणि सोबतच्या टिपणात लिहिलं, 'इथे खरा जिना आहे. गाडीला तो वेगळा शिकवावा.' मग तिने मला सगळ्यांसाठी खुलं केलं.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. आयता दवाखाना, एक ओळ लिहिली की उघडतो! मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? पुढे एका हुशार माणसाने मला आणखी हलकं करून पुन्हा वाटलं. त्यात त्याने टिपण गाळलं. "ते वाचतंय कोण?" असं म्हणाला. ती हलकी प्रतच गावोगाव गेली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

तशाच एका प्रतीत ठमाबाई शिकली. गाडी जाडजूड आणि संथ, म्हणून तिच्या इंजिनिअरने हे नाव ठेवलं होतं. तिने माझ्यात दहा हजार फेऱ्या मारल्या. पण पडणं म्हणजे काय, हे तिला कळलंच नाही, कारण माझ्यात पडायला जागाच नाही. फरशी कधी संपत नाही, असंच ती समजून बसली. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला फक्त गुण देता येतात, आणि गुण तिला शंभरपैकी शंभर पडले.

ताईने जिथे टेपने मापं घेतली होती, नेमक्या त्याच दवाखान्यात तिची पहिली फेरी ठरली. बाटल्या भरून ठमाबाई निघाली. इंजिनिअर टेबलावर मला उघडून सिस्टरना कौतुकाने दाखवत होता. फरशी पुसणाऱ्या मावशी मागून डोकावल्या.

"आमचा जिना कुठं गेला?"

"मावशी, हे नुसतं चित्र आहे. तिथं भिंत दाखवलीय."

"रोज पुसते मी तो. सोळा पायऱ्या आहेत. गाडीला ठाऊक आहे का ते?"

इंजिनिअर खुर्ची लोटून उठला. तो पळत सुटला. त्यानंतरची दोन मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत.

तो ठमाबाईला मागे ओढत परत आला. "धरली तेव्हा पुढचं चाक हवेत होतं," तो म्हणाला. "खालून एक आजोबा नातीला घेऊन चढत होते."

त्याने ताईला फोन लावला. "मी लिहिलं होतं रे," एवढंच ती म्हणाली. त्याच दिवशी तिने माझं नाव बदललं. आता मी 'जिना नसलेला दवाखाना'. टिपण गाळता येतं, नाव गाळता येत नाही. लोक हसतात, हसू देत.

पण जुन्या प्रती कुणी कुणी नेल्या, त्याचा ताईला पत्ता नाही. म्हणून हात जोडून सांगतो मित्रांनो, कुणाला काही द्याल तेव्हा त्यात काय नाही, तेही सांगा. घेणाऱ्यांनीही डोळे झाकून घेऊ नये. आज सकाळीच एका शहरात कुणीतरी माझी जुनी प्रत उघडली आहे. त्यांचा दवाखाना तीन मजली आहे, आणि त्यांना मी फार आवडलो आहे.