साडूभाऊंचे वेढे

माझे साडू मोटर गुंडाळतात. मीही गुंडाळतो, पण त्याला माझी बायको 'तार वाया घालवणं' म्हणते.

बागेतल्या तळ्यात दरवर्षी हौशी लोकांच्या हातभर बोटींची शर्यत होते. मोटर स्वतःच्या हाताने गुंडाळलेली हवी, एवढीच अट. तीन वर्षं पहिले साडू, दुसरा मी. आणि परतीच्या वाटेवर बायको, "भावजींचे वेढे बघितलेत? जसे काही विणलेत! तुमची मोटर म्हणजे झोपून उठलेलं डोकं."

चौथ्यांदा हे ऐकायचं नाही, असं मी ठरवलं.

मोटरच्या आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, तीन हात असतात, प्रत्येकावर तारेचे शंभर वेढे. एकावर कमी पडले की मोटर थरथरते आणि बोट जागीच कुडकुडते. शर्यतीच्या आठवडाभर आधी मी साडूंकडे सहज गेलो. सहज जायला दोन बस बदलाव्या लागतात.

ते खिडकीशी पहिला हात गुंडाळत होते. "पन्नास... या, बसा... एक्कावन्न..."

"आई कशा आहेत?"

"मजेत."

"वय काय हो झालं त्यांचं?"

"ब्याऐंशी."

"वा!"

"त्र्याऐंशी... चौऱ्याऐंशी..."

त्या दिवशी मी चहाला दोनदा हो म्हटलं.

शर्यतीला बायकोला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवलं. शिट्टी झाली. साडूंची बोट गांधीलमाशी चावल्यासारखी सुटली आणि पलीकडच्या काठाला जाऊन आपटली. माझी अजून निघायच्या विचारात होती.

"अहो भावजी, हे काय केलंत तरी काय?" बायकोने विचारलं. चेहरा असा खुललेला, की आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

"तिन्ही हातांना सारखी तार कापून ठेवतो मी. पहिल्याचं टोक पक्कं जोडून कापलं, तर तार उरली. बघतो तर एकतीस वेढ्यांची! उलगडावं तर तारेवरचं इनॅमल खरवडतं. मग म्हटलं, राहिलेल्या दोन्ही हातांनाही एकतीस कमी. वेढे कमी की मोटर पळते जोरात. तापते, पण तळं ते केवढं!"

"सुचतं बाई तुम्हाला!"

"मला कुठलं सुचतंय? हे आले होते ना आईची चौकशी करायला." साडूंनी माझ्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला. "पुढच्या वर्षीही नक्की या हं. आईला तेव्हा त्र्याऐंशी. आणखी एक वेढा कमी."