रूपाबाईंच्या अंगठ्याखाली

थांबा, लगेच दाबू नका. आधी दोन शब्द ऐकून घ्या, मग हवं तेवढं दाबा. मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे आणि पंख्याचंही नव्हे. मी मोबाइलच्या पडद्यावर राहतो. मला सुईदोऱ्यानं शिवता येत नाही की काढून खिशात ठेवता येत नाही. तरी वसमतच्या आसपासच्या गावांत हळद शिजवायची वेळ आली की पहिली आठवण माझीच निघते. याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर झाला. कोमलनं पेन्सिलीनं चौकोन काढला, आत 'नंबर लावा' असं लिहिलं आणि ती चहा प्यायला उठून गेली. कोमल ही सखुबाईंची धाकटी लेक. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, केवढं असावं, माणसाला आधी काय दिसावं, हे ठरवायचं शिक्षण तिनं पुण्यात घेतलंय. आता एका कंपनीसाठी हेच काम ती घरी बसून करते. गावाला हे काम अजून नीट कळलेलं नाही. कुणी विचारलंच तर सखुबाई सांगतात, "रेघा मारती, अन् पगार घेती."

सखुबाई बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटानं हळद शिजवायचा बॉयलर घेतला होता. तो ट्रॅक्टरला जोडून शेतोशेती न्यायचा, जाळ घालायचा आणि मोठाल्या ड्रमांत वाफेवर हळद शिजवायची. चालवायला वैजनाथ. माणूस इतका मनमिळाऊ, की त्याला नाही म्हणताच येत नाही. कुणाचाही फोन आला की म्हणायचा, "निघालोच बघा, आलोच!" मग दोन-तीन शेतांत बायका पाणी भरून, सरपण रचून वाट बघायच्या आणि बॉयलर भलत्याच शेतात धूर काढत असायचा. भांडणं वाढली तेव्हा सखुबाई लेकीला म्हणाल्या, "रेघाच मारतीस, तर आमच्यासाठी बी मार की."

असा मी घडलो. मला दाबलं की दाबणाऱ्याचं नाव वैजनाथच्या मोबाइलमध्ये ओळीनं जाऊन बसायचं. तेव्हा मी दिसायला फार नाजूक होतो. अंग राखाडी, अक्षरं बारीक, कडेला पुसटशी रेघ. कोमलच्या पुण्याच्या मैत्रिणींनी मला बघून "किती क्लासी!" म्हटलं आणि मी फुगलो.

गटाच्या बैठकीत कोमलनं मला सगळ्यांना दाखवलं. बायकांनी माना डोलावल्या. "लई भारी केलं गं पोरी," जिवनबाई म्हणाल्या. अडचण कुणालाच नव्हती. घरच्या पोरीनं हौसेनं केलेल्या भाजीत मीठ कमी आहे, हे आपल्याकडं तोंडावर कोण सांगतं? मीठ कमीच होतं.

पडद्यावर राहिलं की माणसं जवळून बघायला मिळतात. कुणी मला दाबण्याआधी फुंकर मारतं. कुणी बोट जिभेला लावून घेतं. विश्वंभरचं तर एकदा दाबून समाधानच होत नाही. तो धडाधड दाबत सुटतो आणि वर बायकोला म्हणतो, "तू बी एकदा दाब." मला या सगळ्या गुदगुल्या आवडायच्या.

मग एके दिवशी मी रूपाबाईंच्या हाती आलो. रूपाबाई शेजारच्या तांड्यावर राहतात. त्यांची हळद काढून झाली होती, शेतात ढीग लागला होता, वर हळदीचाच पाला झाकलेला. काढलेली हळद फार दिवस अशी ठेवता येत नाही. ढिगाच्या पोटात ती तापते आणि सडायला लागते. लेक पुजा परभणीला नर्सिंगला जाणार होती, तिचं जाणं याच ढिगाच्या पैशांवर अवलंबून होतं. म्हणून रूपाबाईंनी अंगठा पदराला स्वच्छ पुसला, माझ्यावर टेकवला आणि दाबून धरला.

धरूनच ठेवला! माझी रीत अशी होती, की बोट टेकवून लगेच उचललं तर मी काम करणार, दाबून धरलं तर गप्प राहणार. मी आतून ओरडत होतो, 'उचला मावशी, उचला की!' पण मला तेव्हा आवाज नव्हता. शेवटी मोबाइल थरथरला, कारण फार वेळ दाबून धरलं की तो थरथरतोच. रूपाबाईंना वाटलं, लागला नंबर. त्या खुशीत कामाला लागल्या.

शेजारच्या धर्मसिंगची हळद शिजून झाली. आता बॉयलर आपल्याकडंच येणार, म्हणून रूपाबाईंनी टाकी भरली, कामाला बाया सांगितल्या. ट्रॅक्टर आला, पण त्यांच्या बांधावरून सरळ पुढं निघाला. रूपाबाई पदर खोचून रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"वैजनाथभाऊ, पुढं काहून चालले? नंबर माझा हाये!"

"न्हाई रूपाबाई, तुमचं नाव न्हाई ह्याच्यात. इश्वंभरचं हाये. हे बघा."

"म्या अंगठा देलाय! मोबाइल थरथरला बी!"

ट्रॅक्टर रस्त्यातच थांबला, वैजनाथ बिचारा मोबाइलकडं बघेना की रूपाबाईंकडं. बातमी सखुबाईंपर्यंत गेली. त्या कधी नव्हे इतक्या चिडल्या. "कोमल, ते बटण काढून टाक आधी. फोनच बरा व्हता. रूपाबाईची हळद गेली, तर तांड्यावर तोंड कसं दाखवू मी?" माझ्या पायाखालची जमीन सरकली. कचऱ्याच्या डब्याचं चित्र पडद्यावर माझ्या शेजारीच राहतं, त्याच्याकडं बघायचा मला धीर होईना.

कोमल स्कूटी काढून थेट शेतात गेली. तिथं जाऊन तिनं 'तुमचं चुकलं' असं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मावशी, कसं दाबलं ते मला करून दाखवा."

रूपाबाईंनी रागारागातच अंगठा पुसला, टेकवला, दाबून धरला आणि नजर लावली लिंबाच्या झाडाकडं. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"उचलत काहून न्हाई, मावशी?"

"कसा उचलू? रेशनच्या मशीनवर उचलला की दुकानदार वरडतो, 'धरून ठेवा, धरून ठेवा!' मशीन बोलंस्तोवर उचलायचा नसतो. अन् माझा तर ते घेतच न्हाई लवकर. हळद खंदून खंदून रेघा झिजल्या. परत परत लावावा लागतो, मागची मान्सं वैतागतेत."

कोमलनं कपाळावर हात मारून घेतला आणि ती खदखदून हसायला लागली. "हसून काय राहिली गं? तिकडं माझी हळद तापून राहिली!" रूपाबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्याही हसल्या.

"तुमचं बराबर हाये, मावशी. आता ह्यालाच शिकवते."

तिथंच लिंबाखाली लॅपटॉप उघडून तिनं मला नव्यानं आखलं. राखाडी अंग गेलं, मी हळदीसारखा पिवळा झालो. अख्खा अंगठा मावेल एवढा मोठा झालो. आता अंगठा धरून ठेवला की माझ्याभोवती एक कडं हळूहळू भरत जातं, आणि ते पूर्ण झालं की मी बोलतो. आवाज कुणाचा घ्यायचा? कामाला आलेल्या बायका म्हणाल्या, वैजनाथचाच घे, ट्रॅक्टर त्याचाच येणार ना! तो लाजत लाजत मोबाइलसमोर उभा राहिला आणि सवयीचंच बोलला.

विश्वंभरला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझी कालच काढलीया, थांबल. पुढचा नंबर मातर मीच दाबणार." कोमलनं नव्या रूपातला मी रूपाबाईंच्या मोबाइलमध्ये उतरवला. अंगठा टेकला. कडं भरत गेलं, भरत गेलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, "लागला नंबर! निघालोच बघा, आलोच!"

आणि खरोखरच ट्रॅक्टर वळून आला. वैजनाथचं ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा खरं ठरलं, म्हणून सगळं शेत हसलं. पाला बाजूला केला. वरची थोडी हळद मऊ पडली होती, आतली सगळी खणखणीत निघाली. "गेली न्हाई गं, पुजा, गेली न्हाई!" रूपाबाई ओरडल्या. जाळ पेटला, ड्रमांतून वाफ उसळली आणि हळदीचा वास रस्त्यापर्यंत गेला.

या गडबडीत रूपाबाई एकदा बाजूला आल्या आणि आपल्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. मग पुजाला हळूच म्हणाल्या, "पयल्याच डावात घेतला गं ह्यानं."

आता हंगाम सरलाय. पुजा परभणीला गेली. मला फारसं कुणी दाबत नाही, पण या भागातल्या कितीतरी मोबाइलांवर मी राहतो तिथं पिवळा डाग पडलाय आणि तो पुसायचा कुणी प्रयत्न करत नाही. मी मजेत आहे. पुढच्या हंगामात या. हात हळदीचे असतील तर तसेच या. अंगठ्याच्या रेघा झिजल्या असल्या तरी काळजी करू नका, मी रेघा बघतच नाही. टेकवा आणि जरा धरून ठेवा, मी बोलेनच.